शेड नंबर चार

घरातल्या घरात दार वाजवून आत यायचं, ही कुठली रीत झाली? लतिकाबाई नऊ दिवस हे बघत होत्या आणि नऊ दिवस त्यांनी ते गिळलं होतं. तीन वर्षांनी पोलंडहून सुट्टीवर आलेला त्यांचा मुलगा अनिमेष, बत्तीस वर्षांचा घोडा, जबलपूरच्या चेरीतालमधल्या याच घरात रांगलेला, स्वैपाकघराच्या सताड उघड्या दाराशी थांबायचा, बोटाच्या पेरानं चौकटीवर दोनदा टकटक करायचा, श्वासभर वाट बघायचा आणि मग पाऊल आत टाकायचा. टाकायचा तरी कुठे, घासायचा. पाय म्हणून उचलत नव्हता. फरशीवरून सपाता सरकवत सरकवत यायचा, जसं काही खाली कोणी निजलंय आणि त्याच्या अंगावर पाय पडेल. दिवसातून तीनदा आंघोळ करायचा. कोपरापर्यंत हात असे घासायचा की पाहणाऱ्याचंच कातडं हुळहुळावं. दुसऱ्याच दिवशी लतिकाबाईंनी विचारलं होतं, "काहून रे, पाय उचलायची ताकद नाही राहिली का? सुतकातून आल्यासारखा चालून राहिलास." तो म्हणाला, "आदत पडली, आई," आणि हसला. ते हसणं त्यांच्या मनातून उतरलं होतं. गुणवंतराव असेच हसायचे. बायकोचा प्रश्न दाराबाहेर घालवून कडी लावून घ्यायची, तसं ते हसणं. गुणवंतराव जाऊन सात वर्षं झाली. हसणं मात्र मागे ठेवून गेले होते.

आज दुपारी मात्र त्या पाय घासण्याला अर्थ आला, आणि तो आला नसता तर बरं झालं असतं असं लतिकाबाईंना आता, ओट्याखाली पाट घेऊन मटार सोलता सोलता, वाटत होतं. उद्या चिन्मयीकडची माणसं येणार होती. चिन्मयी म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेल्या श्रीपादरावांची मुलगी, शाळेत शिकवणारी, एकोणतीस वर्षांची. अनिमेष यायच्या आधीच फोनवर दोन वेळा बघणं-बोलणं झालं होतं आणि उद्या पक्कं व्हायचं होतं. तिच्या हातात ठेवायला साडी घ्यावी म्हणून माय-लेक बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेले होते. दुकानदाराची तीस वर्षांची ओळख. त्यानं गादीवरून उठून विचारलं, "चाचीजी, भैया कब आए? वहाँ तो गोला-बारूद का काम है ना इनका?" लतिकाबाईंनी मान अशी हलवली की हो म्हटलं तरी चालेल आणि नाही म्हटलं तरी पकडता येणार नाही. ही मान हलवणं त्यांनी तीन वर्षांत चांगलं बसवलं होतं. साडी ठरली, जांभळी, बारीक काठांची. एवढ्यात बाहेर धडाका झाला. एका ई-रिक्षानं मोटरसायकलला धक्का दिला होता, आणि मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवलेले जाळीचे पिंजरे रस्त्यावर फुटले होते. पांढऱ्या कोंबड्या. गर्दीत, गाड्यांच्या चाकांत, साड्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांवर कोंबड्या. लोक हसत होते, पोरं पळत होती, कोंबड्यांचा मालक कपाळ धरून नुसता "अरे पकड़ो, अरे कोई पकड़ो" करत होता.

अनिमेष पायरीवरून उतरला. धावला नाही. तेच त्याचं घासत चालणं, पण घरात जे भिकारड्यासारखं दिसायचं ते तिथे, त्या गोंधळात, काही वेगळंच दिसलं. त्याच्या पायांपुढून कोंबड्या बाजूला होत होत्या, पळत नव्हत्या. तो वाकायचा आणि उठायचा, आणि उठताना हातात एक कोंबडी असायची, पायांनी धरलेली, डोकं खाली. एका हातात तीन, दुसऱ्या हातात तीन, बोटांच्या बेचक्यांत एकेक पाय अडकवलेला. उलट्या झाल्या की कोंबड्या गप्प होत होत्या. बघता बघता सगळ्या पिंजऱ्यात. शेवटच्या एकीचा पंख खांद्यातून तुटून लोंबत होता. ती त्यानं छातीशी घेतली, अंगठा तिच्या मानेमागे सरकवला आणि एक ओढ दिली. फार जोरातही नाही. मग ती पिंजऱ्यावर आडवी ठेवून दिली, घडी घातलेल्या रुमालासारखी. मालक त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "वाह भैया, आप तो अपनी ही लाइन के निकले." आणि अनिमेष, ज्याच्या तोंडून घरात चार शब्द काढायला चिमटा लागतो तो अनिमेष, खुशाल म्हणाला, "हओ. तीन साल हो गए." "किस फारम पे?" "बाहर मुलुक में." एवढं बोलून त्यानं हात पँटला पुसले. लतिकाबाईंनी दुकानदाराकडे पाहिलं नाही, पण तो आपल्याकडे बघतो आहे हे त्यांना कानशिलावर कळलं. हसला असता तर त्यांनी त्याला तिथेच उभा सोलला असता. तो हसला नाही. हळू आवाजात, आजारी माणसाला विचारावं तसं, त्यानं विचारलं, "साड़ी पैक कर दूँ, चाचीजी?"

ऑटोत त्या कडेला सरकून बसल्या. त्याच्या स्वेटरच्या कोपराला एक पांढरं पीस चिकटलं होतं. ते त्यानं काढलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर तो मोरीत शिरला तो अजून शिरलेलाच होता. पाण्याचा आवाज थांबत नव्हता. मटारच्या शेंगा थंड होत्या. जबलपूरचा मटार, जानेवारीतला, नखानं नुसतं दाबलं की फुटणारा. उद्याच्या करंज्यांसाठी दोन किलो घेतला होता. शेंग फोडायची, अंगठा फिरवायचा, दाणे ताटात. अंगठ्याची ती ओढ एकदम लक्षात आली आणि लतिकाबाईंनी शेंग खाली ठेवली. मग परत उचलली. आता काय, शेंगाही सोलायच्या नाहीत का.

अनिमेष खोटं बोलला होता का, हे त्या मनातल्या मनात तपासत होत्या, आणि तेच जमत नव्हतं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. पहिल्याच रविवारी तो म्हणाला होता, "शेड नंबर चार मिळाली, आई." बस, तिथेच सगळं झालं. पंचेचाळीस वर्षं ज्या बाईचं जेवणखाण, धुणंभांडं, पोरांची आजारपणं इथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या भोंग्यावर चालली, तिला शेड म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? या शहरात शेड म्हणजे फॅक्टरीची शेड. गुणवंतराव शेडमध्ये, शेजारचे रामराव शेडमध्ये, अर्धं चेरीताल शेडमध्ये. मग पुढचे शब्द आले आणि एकेक आपापल्या खाचेत जाऊन बसला. बॅच आली. तीस हजारांची बॅच. टेम्परेचर सांभाळावं लागतं, नाही तर लॉट खराब होतो. सहा आठवड्यांत लॉट बाहेर. या वेळी रिजेक्शन जास्त झालं, साहेब ओरडले. लोडिंग रात्रीच असतं, दिवे बंद करून. दिवे बंद करून म्हटल्यावर तर लतिकाबाईंची खातरीच पटली. दारूगोळा काय कोणी उजेडात लादतं? शिवाय टीव्हीवर रोज दाखवत होते, पोलंडच्या बाजूला लढाई चालू आहे म्हणून. लढाई आहे तर माल लागणार, माल लागणार तर फॅक्टरी रात्रंदिवस चालणार, आणि फॅक्टरीचं काम जबलपूरच्या पोराला येणार नाही तर कोणाला येणार. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं एवढा हिशेब जुळवला याचा त्यांना गर्वच वाटला होता. मीराबाई, पलीकडच्या घरातली, जिचा मुलगा कम्प्यूटरमध्ये आहे आणि जी ते श्वास घेतल्यासारखं सांगत असते, तिनं भजनाला चार बायकांत विचारलं, "अनिमेष तिकडे नेमकं काय करून राहिला म्हणता, वहिनी?" तेव्हा लतिकाबाई टाळ उचलता उचलता म्हणाल्या, "ते सांगता येत नाही, मीरा. आतलं काम आहे." आणि मीराबाईचं तोंड मिटलं. फॅक्टरीवाल्यांच्या वस्तीत एवढं पुरतं. आत काय होतं हे विचारायचं नाही, हे इथं लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. नवरा आत काय बनवतो हे बायको विचारत नाही, बाप काय बनवतो हे मुलगा विचारत नाही. विचारलंच तर समोरचा हसतो.

एकही शब्द खोटा नव्हता. हेच तर. खोटं बोलला असता तर त्याला कान धरून उभा करता आला असता. आणि खरं सांगायचं तर, मटारचे दाणे ताटात पडत होते आणि खरं सांगायची वेळ स्वतःशी तरी आली होती, त्यांना ते कधी तरी कळलंही होतं. मागच्या वर्षी, गणपतीत, त्यानं चित्र दिसतं तसला फोन लावला होता. अंगात पांढरा झगा, डोक्यावर टोपी, तोंडावर फडकं खाली ओढलेलं. मागे लांबच लांब शेड, वर दिव्यांच्या रांगा. आणि जमीन हलत होती. पांढरी जमीन, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळूहळू उकळत्या दुधासारखी हलत होती, आणि एक आवाज होता, हजार रहाट एकदम करकरावेत तसा. "हे काय रे मागे?" त्यांनी विचारलं होतं. तो बोलायला तोंड उघडत होता. ते तोंड उघडणं त्यांनी पाहिलं होतं. आणि त्याच म्हणाल्या होत्या, "नेटवर्क खराब आहे वाटतं तुझं, सगळं हलून राहिलं," आणि लाल बटण दाबलं होतं. हे आज आठवलं. नाही, आज आठवलं नाही, आठवत होतं. देवघरातल्या फोटोमागे ठेवलेल्या किल्लीसारखं, आहे हे माहीत, काढायची गरज नाही.

आणि त्या किल्लीखाली आणखी एक किल्ली होती. लतिकाबाई मझौलीच्या. वडिलांचं किराणा दुकान. सतरा वर्षांच्या होत्या तेव्हा जबलपूरहून स्थळ आलं, मुलगा फॅक्टरीत आहे. मझौलीत तेव्हा फॅक्टरी हा शब्द उच्चारताना माणसं आवाज खाली आणायची. वडिलांनी मध्यस्थाला विचारलं, "फॅक्टरीत म्हणजे काम काय करतात?" मध्यस्थ मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "आतलं विचारायचं नसतं, शेठ. सरकारी गुपित आहे." वडीलही हसले, खूश झाले, जावई सरकारचं गुपित सांभाळतो म्हणजे साधा माणूस नव्हे. गुणवंतराव समोर बसले होते, मान खाली, पोह्यांच्या बशीत शेंगदाणे मोजत असल्यासारखे. दाराआडून लतिकाबाईंना त्यांचा भांग दिसत होता फक्त. एवढा सरळ भांग पाडणारा माणूस चार्जमन, दहा जणांवर देखरेख करणारा, तरी असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. मग सासरी, माहेरी, शेजारी, त्या चार्जमनच म्हणायच्या, आणि गुणवंतरावांनी कधी हो म्हटलं नाही आणि कधी नाही म्हटलं नाही. दोन वर्षांनी विश्वकर्मा पूजेला फॅक्टरीची दारं घरच्या माणसांसाठी उघडली. त्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या मशीनची पूजा करतो आणि बायकोपोरांना घेऊन मशीनशेजारी उभा राहतो. लतिकाबाईंनी लग्नातला शालू काढला. भल्या मोठ्या मशीनी होत्या, झेंडूच्या माळा घातलेल्या, प्रत्येकीशेजारी एकेक माणूस छाती काढून. त्या एकेक मशीन बघत पुढे चालल्या होत्या, ही असेल, ही नाही तर ती असेल. शेवटी शेडच्या मागच्या अंगाला, लाकडाच्या भुशात, गुणवंतराव उभे होते. त्यांच्यासमोर एका खोक्यावर एक हातोडा होता, हळदकुंकू लावलेला, आणि खिळ्यांचा डबा. "तुमची मशीन कुठंय?" त्यांनी विचारलं. शेजारचा माणूस, चांगल्या मनानंच, म्हणाला, "भाभी, इनका तो हथौड़ा ही मशीन है. माल भरने की पेटियाँ ठोकते हैं." गुणवंतरावांनी हसून प्रसादाची पुडी पुढे केली. त्यांनी ती घेतली. हातोड्यालाही हात जोडले, लोक बघत होते म्हणून. परतीच्या रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या वडिलांसमोर तोंड शिवलं होतं का तुमचं?" ते म्हणाले, "मी कुठं खोटं बोललो?" आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीनं विचारलं, पूजा कशी झाली, तेव्हा लतिकाबाई म्हणाल्या, फार मोठी मशीन आहे ह्यांची. त्यानंतर त्रेचाळीस वर्षं ती मशीन त्यांनी एकट्यांनी चालवली. गुणवंतराव गेले तेव्हा खांदा द्यायला फॅक्टरीतले जे आले, त्यांच्यातल्या एकालाही त्यांनी मीराबाईजवळ उभं राहू दिलं नव्हतं.

आणि पंधरा दिवसांपूर्वी, अनिमेष यायच्या आधी, चिन्मयीचा फोन आला होता. सरळ मुलगी. घसा साफ करून, शाळेत हजेरी घेतल्यासारखी म्हणाली, "काकू, एक विचारायचं होतं. ते तिथं नेमकं काय काम करतात? मी त्यांना विचारलं तर म्हणाले आईला विचार. मला वाईट वाटणार नाही, काहीही असलं तरी. फक्त माहीत पाहिजे. मी नोकरीचा राजीनामा लिहून ठेवलाय, लग्नानंतर तिकडेच जायचं म्हणून." तिच्या आवाजात लबाडी नव्हती. लतिकाबाईंनी काय म्हणावं? त्या हसल्या. स्वतःच्या कानांनी त्यांनी ते हसणं ऐकलं, आणि मग म्हणाल्या, "शेड सांभाळतो, पोरी. आतलं विचारायचं नसतं." पलीकडून ती म्हणाली, "अच्छा, काकू." मझौलीच्या दुकानात मध्यस्थानं जे म्हटलं होतं ते अक्षर न अक्षर त्यांच्या तोंडून गेलं होतं, आणि ते कळायला त्यांना पंधरा दिवस लागले होते, एक मोटरसायकल आडवी व्हावी लागली होती. ताटातला मटार शीग लावून वर आला होता. त्यातले चार दाणे घरंगळून फरशीवर गेले. लतिकाबाईंनी ते उचलले नाहीत.

चौकटीवर टकटक झाली.

"ये," त्या म्हणाल्या. "इथं कोणी दचकत नाही."

तो आत आला. केस ओले, नवा शर्ट. पीस गेलं होतं. समोरच्या भिंतीशी उकिडवा बसला, आणि एक शेंग उचलून सोलू लागला. थोडा वेळ दोघं सोलत राहिले. मग त्यानं स्वतःहून सांगितलं, आणि हे स्वतःहून सांगणं इतकं अपूर्व होतं की लतिकाबाईंचा हात थांबला. "न वाजवता आत गेलं की घाबरतात, आई. सगळ्या एका कोपऱ्यात धावतात, एकीवर एक चढतात. खालच्या गुदमरतात. पहिल्या महिन्यात मी एकदा तसाच गेलो. तीनशे मेल्या. मलाच उचलाव्या लागल्या."

"आणि पाय घासणं?"

"पिल्लं असतात ना पायाखाली. पाय उचलून टाकला की चिरडतात."

"मग हे मला काहून नाही सांगितलंस?"

"सांगत तर होतो. दर रविवारी."

"कोंबडी हा शब्द काढलास एकदा तरी तोंडातून? शेड म्हणे, बॅच म्हणे. माझ्याशी काय साहेबासारखा बोलून राहिला होतास?"

"तिथं तेच म्हणतात, आई. कोणी कोंबडी म्हणतच नाही." तो शेंगेकडे बघून बोलत होता. "आणि मी सांगणार होतो. पहिल्याच फोनला. तू उचलल्या उचलल्या म्हणालीस, मीराकाकू बसल्यात, त्यांना सांग कुठं लागलास. मी म्हटलं शेड नंबर चार मिळाली. तू त्यांना म्हणालीस, बघा, ह्याचे बाबा पण चारमध्येच होते. मग मी काय बोलू? तू इतकी खूश होतीस."

हे खरं होतं. लतिकाबाईंना ते सगळं, मीराबाईच्या हातातल्या चहाच्या कपासकट, आठवलं. त्यामुळे त्या जास्तच चिडल्या. "आयटीआय केलंस. फिटर आहेस तू. त्या एजंट बंटीनं पाठवलं तेव्हा फिटर म्हणून पाठवलं होतं ना? बडा फुहाऱ्यावर बोर्ड लावून बसलाय मेला."

"फिटर म्हणूनच लिहिलं होतं कागदावर. तिथं गेल्यावर बूट दिले आणि शेडमध्ये सोडलं. म्हणाले पंखे बिघडले की फिटर, नाही तर मेलेल्या उचला." त्यानं दुसरी शेंग घेतली. "वाईट नाहीये आई काम. थंडी असते, वास असतो, डोळे झोंबतात. पण वाईट नाही. सकाळी पहिल्यांदा दार उघडलं की तीस हजार एकदम माना वर करतात. बघण्यासारखं असतं." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर काही तरी आलं आणि गेलं. लतिकाबाईंनी ते पाहिलं. असं काही त्या हातोड्याबद्दल गुणवंतराव कधी बोलले असते तर, असा एक विचार त्यांच्या मनात डोकावला आणि त्यांनी त्याला बाहेरच उभा केला.

"बाबा पेट्या ठोकायचे, मला माहीत आहे," अनिमेष म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. दहावीत होतो. म्हणाले, आईला सांगू नको मी सांगितलं म्हणून, तिला वाईट वाटेल."

म्हणजे या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं. बाप-लेकाला माहीत होतं, बाप-लेकाला माहीत आहे हे फक्त त्यांना माहीत नव्हतं, आणि त्या मात्र दोघांपुढेही चार्जमन चार्जमन करत वाढत होत्या, आणि दोघं जेवत होते, मान खाली घालून, तिला वाईट वाटू नये म्हणून. केवढी दया केली होती त्यांच्यावर.  कोणी एवढी दया करावी असं त्यांनी काय केलं होतं?

"चिन्मयीनं तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू तिला माझ्याकडे काहून पाठवलंस?"

"मला वाटलं तू नीट सांगशील. तुला सांगता येतं."

"मग मी काय सांगितलं, माहीत आहे?"

"सांगितलं तिनं." तो हसला. तेच हसणं. "मी काही बोललो नाही मग."

"उद्या श्रीपादराव विचारतील. समोरासमोर. उद्या काय सांगायचं?"

"तू म्हणशील ते, आई. फॅक्टरी म्हटलंस तर फॅक्टरी. कोंबड्या म्हटलंस तर कोंबड्या. मी कशाला मध्ये बोलू? मी गप बसीन."

लतिकाबाईंनी मांडीवरची सालपटं झटकली. डोळ्यांपुढे पोह्यांची बशी आली, तो सरळ भांग आला. दाराआड उभी असलेली सतरा वर्षांची पोरगी आली, जिला कोणीच काही सांगत नव्हतं आणि जी म्हणून स्वतःच काहीबाही ठरवत होती. "फोन लाव," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"तुझ्या बापाला. चिन्मयीला लाव."

"आत्ता? उद्या येतच आहेत ना."

"उद्या तिच्यासमोर तिचा बाप बसलेला असेल, काका असेल, चार माणसं असतील. त्यांच्यापुढे पोरगी काय बोलणार? आत्ता लाव. एकटी असताना विचार करू दे तिला."

त्यानं खिशातून फोन काढला. नंबर लावला. मग हात लांब करून फोन आईपुढे धरला.

"मला काहून देऊन राहिलास? तोंड नाही का तुला? धर कानाला."

त्यानं धरला. पलीकडे घंटी वाजत होती. स्वैपाकघर एवढं लहान की ती लतिकाबाईंनाही ऐकू येत होती. मग चिन्मयीचा आवाज, मोकळा, जरा आनंदलेला. "हां, बोला ना." अनिमेषचे ओठ हलले. दुपारी रस्त्याच्या मधोमध, पूर्ण बाजारादेखत, अनोळखी माणसाला हओ म्हणणारे तेच ओठ. लतिकाबाई त्या ओठांकडे बघत होत्या आणि, पुढे कोणी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी कबूल केलं नसतं, पण त्या मनातून त्याला ढकलत होत्या, बोल, बोल रे, एक शब्द बोल, पुढचं मी सांभाळते. "हॅलो?" चिन्मयी म्हणत होती. "अहो, आवाज येऊन नाही राहिला. हॅलो? अनिमेष?" त्यानं फोन कानापासून खाली आणला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि अंगठ्यानं बंद केला.

"नेटवर्क नाहीये," तो म्हणाला. "उद्या बोलू."

बाहेर गल्लीत भाजीवाल्याची शेवटची हाळी जात होती. लतिकाबाईंनी मटारचं ताट दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या, पदरानं हात पुसले. त्यांना वाटलं होतं आपण ओरडू. पण आवाज निघाला तो साधा, रोजचा, किती पोळ्या करू विचारावं तसा.

"ऐक, अनिमेष. तू कोंबड्या धरतोस याची मला दुपारी लाज वाटली. आता नाही वाटत. हात चांगला आहे तुझा, मी पाहिला. उद्या त्या पोरीला मी सांगीन, माणसं टेकायच्या आधी तिला आत बोलवून सांगीन, शेड म्हणजे काय आणि बॅच म्हणजे काय. मी तिच्याशी काय बोलले होते तेही सांगीन. आणि तिनं नाही म्हटलं ना, तर कोंबड्यांमुळे म्हटलं असं म्हणत फिरू नकोस. काम हलकं नाही तुझं. तू हलका निघालास. बापावर गेलास."